बरंकाबाईंचा रविवार

‘मी मध्येच गप्प झाले ना, तर घाबरून पुढे येऊ नकोस. माणसं बघत असतात, त्यांना बघू दे. तू स्टुलं मांडायची आणि मागे उभं राहायचं, बरं का.’

माझ्या थोरल्या जाऊबाईंनी मला हे सांगितलं तेव्हा मी कलासंग्रहालयाच्या कार्यक्रम विभागात नुकती लागले होते. त्या तिथे माझ्या आधीपासून होत्या. पगारावर नाही, हौसेनं. वसंत सुरू झाला की दर रविवारी दुपारी त्या पाहुण्यांना एका चित्रासमोर बसवायच्या आणि तासभर त्या एकाच चित्राबद्दल बोलायच्या. पत्रकात त्याचं नाव ‘एक चित्र, एक तास’ असं छापलेलं असे, पण येणारी माणसं दारावर विचारत, बरंकाबाई आज कुठल्या दालनात आहेत? प्रत्येक वाक्याच्या शेपटाला त्यांचं ‘बरं का’ लागायचं, त्यावरून हे नाव पडलं होतं. त्यांच्या कानावर ते गेलं तेव्हा रागावायचं सोडून त्यांनी आपल्या बिल्ल्यावर तेच लिहून घेतलं.

पहिल्या रविवारचं चित्र ठरलेलं असायचं. वरच्या मजल्यावर, जिना चढून गेलं की डाव्या हाताच्या दालनात ते आहे. घराचं अर्धं उघडं दार, दाराशी बाकडं, बाकड्यावर बसलेली एक बाई. तिच्या एका पायात बूट आहे, दुसरा बूट हातात. मान खाली, त्यामुळे चेहरा दिसत नाही. दारातून पांढरट उजेड आत आलेला. जाऊबाई विचारायच्या, ही बाहेर निघालीय की बाहेरून आलीय? आणि मग गप्प व्हायच्या. किती वेळ, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. मागे उभी राहून मी माणसं मोजायचे. कुणीतरी खाकरायचं, कुणाचं तरी स्टूल करकरायचं, आणि मग एकदम कुठून तरी एक आवाज निघायचा, की आली असणार, थकलेली दिसते. दुसरा लगेच म्हणायचा, छे, निघालीय. झालं, तास सुरू. खरं उत्तर काय, ते जाऊबाईंनी कधीच सांगितलं नाही. मला घरीसुद्धा नाही.

मागच्या हिवाळ्याच्या तोंडावर त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात हळूहळू परत आला, पायही आला, चाल थोडी ओढती राहिली. बोलणं मात्र आलं नाही. डोकं शाबूत होतं. ऐकलेलं सगळं समजायचं, जुनं सगळं आठवायचं, पत्त्यांच्या डावात मला अजूनही हरवायच्या. फक्त शब्द तोंडाशी यायचा नाही, लिहायलाही सुचायचा नाही. यायचं ते एकच, ‘बरं का’. पाणी हवं तरी बरं का, खिडकी लाव म्हणायचं तरी बरं का, डोळे भरून आले तरी बरं का. डॉक्टर म्हणाले, असं होतं. जिभेला ज्याची फार सवय असते ते कधी कधी मागे राहतं. त्यावर आमचे हे म्हणाले, नशीब, वहिनीला शिव्या द्यायची सवय नव्हती. सगळ्यांत जास्त जाऊबाईच हसल्या.

पण ते हसणं घरातलं. बाहेर जाणं त्यांनी सोडून दिलं. बरं वाटायला लागल्यावर एकदा त्या कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात एकट्या गेल्या होत्या. दुकानदारानं काय हवं विचारलं, त्यांच्या तोंडून बरं का आलं. त्यानं पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. तेव्हा तो बहिऱ्या माणसाशी बोलतात तसा ओरडून बोलायला लागला, आणि मागे रांगेत उभी असलेली माणसं पुढे वाकून बघायला लागली. त्या तशाच मागे फिरल्या. त्यानंतर डॉक्टरांकडे जाण्यापुरताच त्यांचा पाय उंबऱ्याबाहेर पडायचा. बोलण्याचे व्यायाम शिकवायला येणारी मुलगी दर वेळी सांगायची, घरात बसून बोलणं येत नसतं काकू, माणसांत जायला हवं. जाऊबाई मान डोलवायच्या आणि ती गेली की दाराला कडी लावायच्या.

आम्ही एकाच घरात राहतो, खाली आम्ही, वर ते. भाऊजी, म्हणजे माझे थोरले दीर, घड्याळं दुरुस्त करतात. बायकोच्या आजारपणानंतर त्यांनी दुकानातलं काम घरी आणलं आणि तिच्या समोरच्या खुर्चीत बसून करायला लागले. माणूस मायेचा, पण तिच्या वाटचं सगळं तेच बोलून टाकायचे. ‘तिला गार वाजतंय.’ ‘तिला आता चहा नको.’ बऱ्याचदा ते बरोबर असायचं. नसायचं तेव्हा जाऊबाई नुसत्या त्यांच्याकडे बघायच्या, आणि न मागितलेला चहा पुढ्यात गार व्हायचा.

माझा एक नेम आहे. सकाळी उठल्यापासून देवापुढे दिवा लावून जप पुरा होईपर्यंत मी बोलत नाही. लग्नाच्या आधीपासूनचा नेम, त्यामुळे सासरी त्यावरून थट्टा पुष्कळ झाली. जाऊबाई म्हणायच्या, हिचं मौन आणि माझं तोंड यांची वाटणी देवानं नीट केली असती तर घरात दोन शहाण्या बायका नांदल्या असत्या. आजारानंतर त्याच रोज सकाळी खाली येऊन माझ्या शेजारी पाटावर बसायला लागल्या. त्या वेळात कुणीच बोलायचं नसतं, त्यामुळे कुणाचं काही अडत नाही. खिडकीतून उजेड वर येत जातो, समईची ज्योत फिकी होत जाते. मी मणी ओढते, त्या बसून असतात. त्यांची वाचा परत मिळावी हे माझं रोजचं मागणं होतं. पण त्या शेजारी बसल्या की पुष्कळदा मागायचं राहूनच जायचं, आणि राहिलं म्हणून चुकल्यासारखंही वाटायचं नाही.

वसंताचं पत्रक छापून आलं ते थंडी ओसरताना. बागेतल्या झाडांना अजून पान नव्हतं, पण फांद्यांची टोकं फुगलेली दिसत होती. मुलांची मातीकामाची शाळा, बागेत बसून रेखाटन, शुक्रवारच्या संध्याकाळचं वाद्यसंगीत, असं सगळं त्यात होतं. ‘एक चित्र, एक तास’ नसणार होतं. त्याच्या जागी चित्राची माहिती कानाला लावून ऐकायची यंत्रं ठेवायची, असं आमच्या प्रमुखबाईंनी हिवाळ्यातच ठरवलं होतं. मध्ये एका अभ्यासकाला त्यांनी रविवारी बोलायला उभं केलं होतं. गृहस्थ विद्वान होते, पण पुढच्या रांगेतल्या दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपल्या.

पत्रक करायची आमची एक पद्धत आहे. गेल्या वर्षीचं पत्रक उघडायचं, तारखा बदलायच्या, गेलेलं काढायचं, आलेलं घालायचं. मग ते तिघांच्या हातून जातं. रचनाकार चित्रं आणि अक्षरांचा आकार बघतो, प्रमुखबाई देणगीदारांची नावं आणि त्यांच्या पदव्या बघतात, मी तारखा आणि दालनं बघते. तिघांनी बघितलं. गठ्ठे फुटले, पत्रकं टपालात पडली, आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या टेबलावर पत्रकांची चळत लावताना मला पहिल्याच पानावर जाऊबाई दिसल्या. हात वर करून चित्राकडे दाखवत असलेला त्यांचा फोटो, खाली ‘वसंतातल्या दर रविवारी’, आणि तारखा अगदी बिनचूक.

त्या तिथे दरवर्षीच असायच्या. घरातलं माणूस आपल्या जागेवर बसलेलं असावं आणि आपण त्याच्यासमोरून ये-जा करावी, तसे आम्ही तिघंही त्या पानावरून गेलो होतो. लोकांना नीट बघायला शिकवणं हे आमचं काम. रचनाकारानं कपाळाला हात लावला. प्रमुखबाई म्हणाल्या की दुरुस्तीच्या चिकटपट्ट्या छापून घेऊ, पण पहिला रविवार तोंडावर आहे, नावं नोंदवलेल्यांना फोन करावे लागतील. सांगा की तांत्रिक कारणामुळे रद्द. मी म्हटलं, माणूस आजारी पडणं हे तांत्रिक कसं होईल? खोटं मला बोलता येत नाही, हे त्यांना माहीत आहे. त्या उसासा टाकून म्हणाल्या, मग काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा.

पहिला फोन मी आजोबांना केला. आजोबा म्हणजे कमी ऐकू येतं म्हणून कानात यंत्र घालून येणारे आमचे जुने पाहुणे. तासाला पहिले यायचे, मधलं स्टूल धरायचे आणि जाऊबाईंशी वाद घालायचे. ती चित्रातली बाई बाहेरून आलीय, या मतावरून ते एवढ्या वर्षांत हटले नव्हते. मी नाव सांगितलं तसे ते फोनवरच आनंदून बोलायला लागले, की पत्रक मिळालं, बाई बऱ्या झाल्या हे फार छान झालं, मी येतोय, शेजाऱ्यांनाही आणतोय, माझं स्टूल ठेवा. आणि फोन ठेवून दिला. पुढचा फोन करायचा माझा धीर झाला नाही. आधी घरी सांगावं, मग बाकीच्यांना, असं मी ठरवलं.

संध्याकाळी वर गेले तर पत्रक माझ्या आधी पोचलेलं. जुन्या मार्गदर्शकांना ते टपालानं जातं. भाऊजींच्या हातात एका घड्याळाचं झाकण होतं आणि चेहरा तापलेला. मी झाली चूक सांगितली, तिघांच्या हातून कशी झाली तेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘तिचा तमाशा मांडायचाय का तुम्हाला? ती तिथे उभी राहणार आणि माणसं तिच्या तोंडाकडे बघत बसणार?’

मी म्हटलं, नाही भाऊजी, उद्याच सगळ्यांना फोन करते. आजोबांच्या घरी जाऊनच सांगते.

जाऊबाई खिडकीपाशी पत्रक घेऊन बसल्या होत्या. वाचणं आता त्यांना सावकाश जमतं, ओळीखाली बोट धरून. फोटोवर त्यांचं बोट बराच वेळ थांबलं. भाऊजी माझ्याकडे वळून म्हणाले, बघा, तिला वाईट वाटतंय. तिला हा विषयच नकोय. जाऊबाई उठल्या, आतल्या खोलीत गेल्या. कपाटाचं दार वाजलं. आम्हाला वाटलं, रडायला गेल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात बिल्ला होता.

भाऊजी म्हणाले, अगं, तुला जमणार नाही. त्या म्हणाल्या, बरं का. ते हो नव्हतं आणि नाहीही नव्हतं; लग्नात मोठ्या माणसानं भांडण मिटवताना वापरावा तसला तो सूर होता. मग त्या माझ्यासमोर आल्या. एक बोट माझ्या ओठांवर ठेवलं. मग तळहात माझ्या खांद्याला लावून मला हळूच मागे लोटलं, एक पाऊल, आणखी एक, पार भिंतीपर्यंत.

मला ते वाक्य शब्दन् शब्द ऐकू आलं.

‘नाही येणार पुढे,’ मी म्हटलं. ‘वचन देते, ताई.’

भाऊजींनी झाकण घड्याळावर बसवलं. ते उलटं बसलं.

रविवारी मी स्टुलं मांडली. घडीची स्टुलं आमच्याकडे चाकांच्या गाड्यावर टांगलेली असतात. एकेक काढून उघडायचं, आणि पहिली रांग चित्रापासून इतकी लांब ठेवायची की उभं राहिलेल्याला दोन पावलं पुढे-मागे होता यावं. खाली चौकात मुलं मातीची भांडी करत होती, त्यांचा गलबला जिन्यावरून वर येत होता. प्रमुखबाई दाराशी उभ्या होत्या, हातात त्या माहिती सांगणाऱ्या यंत्रांची पेटी. म्हणाल्या, असू द्या जवळ, वेळ आली तर वाटून टाकू. त्यांचा हेतू चांगलाच होता.

स्टुलं भरली, माणसं भिंतीला टेकून उभी राहिली. आजोबा मधल्या स्टुलावर, शेजारी खरंच दोन शेजारी. मी पुढे होऊन एवढंच सांगितलं, की बाईंचं आजारपण झालं, त्यांना समजतं सगळं, बोलता येत नाही, तरी तास त्याच घेणार आहेत; ज्यांना थांबायचं नसेल त्यांनी खुशाल जावं. एक जोडपं उठून गेलं. जाऊबाईंनी त्यांना मान लववून निरोप दिला आणि रिकाम्या झालेल्या स्टुलांवर उभ्या असलेल्यांतल्या दोघांना बसवलं. मी मागे भिंतीला लागले. भाऊजी माझ्या शेजारी, अंगात कोट तसाच.

जाऊबाई चित्राच्या बाजूला उभ्या राहिल्या. सगळ्यांकडे एकदा बघितलं. मग त्या खाली वाकल्या, भिंतीचा आधार घेऊन डाव्या पायातला बूट काढला आणि हातात धरला. चित्राकडे बघितलं, माणसांकडे बघितलं, भुवया उंचावल्या.

‘बरं का?’

कुणीतरी हसलं, मग आणखी कुणी. आजोबा म्हणाले, आली आहे बाहेरून, दरवर्षी सांगतो. त्यांच्या शेजाऱ्याचं म्हणणं, आली असती तर दार आधी लावून घेतलं असतं, एवढं गार वारं येतंय ते दिसत नाही का? वारं चित्रात दिसतं होय, असं एका मुलीनं विचारलं, त्यावर तिच्याच आईनं चित्रातल्या दारावरच्या पडद्याच्या उडालेल्या कडेकडे बोट दाखवलं. जाऊबाई ज्याच्याकडे बूट करायच्या तो बोलायचा. दोघं एकदम बोलायला लागले की बूट वर जायचा आणि दोघंही गप्प. पोलिसाला शिट्टी लागते, आमच्या वहिनीला बूट पुरला, असं नंतर घरी आमचे हे म्हणाले. ते तिथे नव्हते, पण मी सांगितलेलं त्यांना पुरतं.

मग वाद ओसरला, आणि जाऊबाईंना काहीतरी सांगायचं होतं. मला माहीत होतं काय ते. दरवर्षी त्या इथे यायच्या, त्या चित्रातल्या भिंतीच्या रंगाशी. लांबून करडी दिसणारी ती भिंत जवळून किती रंगांची आहे, त्याच्याशी. त्यांनी हात भिंतीकडे नेला. तोंड उघडलं. बरं का, आलं. त्यांनी मान हलवली, पुन्हा सुरुवात केली. बरं... बरं... मानेच्या शिरा दिसायला लागल्या. औषधाच्या दुकानातून परत आल्या त्या दिवशी होता तसा त्यांचा चेहरा व्हायला लागला.

भाऊजी पुढे सरकले. ‘तिला म्हणायचंय की...’

जाऊबाईंनी नुसतं बघितलं. भाऊजी थांबले. खरं तर पुढचं त्यांनाही येत नव्हतं; चित्रांतलं त्यांना काही कळत नाही. मला येत होतं. माझ्या जिभेच्या टोकावर त्या भिंतीतला निळा होता, जांभळा होता, सगळं होतं. मी दोन्ही हातांनी मागची भिंत धरून ठेवली आणि मनातल्या मनात नाम घेत राहिले. जपाच्या वेळचं मौन मला कधी जड गेलं नाही. हे गेलं.

जाऊबाईंनी त्यांच्यासाठी बाजूला ठेवलेलं स्टूल ओढलं, ते चित्राकडे तोंड करून ठेवलं आणि आमच्याकडे पाठ करून त्यावर बसल्या. बूट मांडीवर. आणि चित्र बघायला लागल्या.

पहिल्यांदा माणसं त्यांच्या पाठीकडे बघत होती. मग त्यांच्या खांद्यावरून पलीकडे. खालून एक भांडं फुटल्याचा आवाज आला, मुलं हसली, तेही विरलं. दारातल्या उजेडाकडे मी इतका वेळ कधी बघितलं नव्हतं. स्टुलं मांडायची, माणसं मोजायची, घड्याळ बघायचं, यात माझी चित्रं राहून जायची. किती वेळ गेला ते मी सांगू शकत नाही. प्रमुखबाईंनी पेटी कधी खाली ठेवली तेही मला दिसलं नाही.

भिंतीशी उभ्या असलेल्या एक बाई होत्या. दर वर्षी यायच्या, कधी बोलायच्या नाहीत. त्या हळू आवाजात म्हणाल्या, ‘ती भिंत करडी नाहीच आहे. कोपऱ्यात निळी आहे. आणि दाराजवळ जवळजवळ गुलाबी.’

जाऊबाई गर्रकन वळल्या. ‘बरं का,’ त्या म्हणाल्या, आणि तो सूर इतका जुना होता, इतका त्या रविवारांचा होता, की पाठोपाठ सगळेच बोलायला लागले. हिरवा कुठे आहे ते कुणी दाखवलं, कुणी नाही म्हटलं, माणसं स्टुलं सोडून पुढे गेली आणि पहारेकऱ्याला चित्रापुढच्या दोरीच्या मागे व्हा, मागे व्हा, असं म्हणत सगळ्यांना मागे घ्यावं लागलं. भाऊजीही पुढे गेले होते. चष्मा कपाळावर चढवून, घड्याळाच्या पोटात बघावं तसे ते त्या भिंतीत बघत होते.

तास संपल्यावर आजोबा काठी टेकत जाऊबाईंपाशी आले. म्हणाले, इतकी वर्षं तुम्ही मला एक वाक्य धड पुरं करू दिलं नाहीत, आज पहिल्यांदा माझं म्हणणं मांडता आलं. जाऊबाईंनी त्यांच्याकडे बूट रोखला. आजोबा हसले, मग एकदम गंभीर झाले.

‘पुढच्या रविवारी आहात ना? मला आता रविवारी दुसरं काही नसतं.’

प्रमुखबाई जवळच होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. दुरुस्तीच्या चिकटपट्ट्या छापून आल्या होत्या आणि माझ्या खणात होत्या. जाऊबाईंनी आजोबांच्या खिशातलं पत्रक काढलं. माझ्या कानावरची पेन्सिल घेतली. दालनात पेन चालत नाही, म्हणून ती तिथे कायम असते. पुढच्या रविवारच्या तारखेभोवती त्यांनी एक गोल काढला, डावीकडे-उजवीकडे फुगलेला, आणि पत्रक परत त्यांच्या खिशात घातलं. प्रमुखबाई म्हणाल्या, बरं तर. इतकंच.

पुढचे दोन दिवस जाऊबाई झोपूनच होत्या. भाऊजी जिन्यातून मला ऐकू जाईल असं म्हणाले, की एवढी दगदग कुणी सांगितली होती. बुधवारी त्यांनी मला बोलावून गुपचूप विचारलं, ती भिंत करडी दिसावी म्हणून इतके रंग कशाला घालायचे, सरळ करडा का नाही लावायचा? मला नीट सांगता आलं नाही. ते म्हणाले, ती सांगू शकली असती. मग स्वतःच म्हणाले, तिनं दाखवलंच की. चहा त्यांनी दोन कपांत आणला होता. एक आत जाऊबाईंपुढे धरून ते थांबले, नुसतेच थांबले, आणि जाऊबाईंनी नको म्हणून मान हलवली तेव्हा दोन्ही कप स्वतः प्यायले.

शनिवारी मात्र जाऊबाई दिवसभर खिडकीत बसून होत्या. जेवल्या थोडं. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीपुढे एकही आवाज काढला नाही. मला वाटलं, एकदा झालं ते झालं. देवानं एक रविवार दिला, तेवढ्यावर समाधान मानावं. रात्री निजण्याआधी मी ठरवलं, सकाळी आजोबांना काय सांगायचं ते प्रमुखबाईंना विचारून घ्यावं.

रविवारी पहाटे मी दिवा लावून जपाला बसले. शेजारचा पाट रिकामा राहिला. मी मणी ओढत होते, पण कान जिन्याकडे होते, हे देवाला ठाऊक आहे. जप बराचसा झाला तेव्हा वरची पायरी वाजली. एक पाय टेकलेला, एक ओढलेला. जाऊबाई खाली आल्या त्या कोट घालून. बिल्ला लावलेला, केस नीट बांधलेले. पाटाकडे त्या आल्या नाहीत. दाराजवळच्या बाकड्यावर बसल्या आणि बूट घालायला लागल्या.

संग्रहालय उघडायला पुष्कळ अवकाश होता. बस अजून सुरू झाली नसेल, बाहेर गारठा असेल, मफलर घ्या, मी आवरून येते, थोडं थांबा: माझ्याकडे सांगायला हे सगळं होतं आणि जप पुरा झाला नव्हता. वर भाऊजींच्या खोलीत खुर्ची सरकली. जिन्याच्या तोंडाशी त्यांचे पाय दिसले, मोजे घातलेले. ते तिथेच उभे राहिले.

एक बूट जाऊबाईंच्या पायात चढला होता, दुसरा हातात होता. त्यांनी दार थोडं उघडून बाहेर बघितलं. पांढरा उजेड त्यांच्या गुडघ्यांपर्यंत आला. दुसरा बूट घालायला त्यांना वेळ लागला, नाडी दोनदा सुटली. मग त्या उठल्या, माझ्याकडे वळून ओठांवर बोट ठेवलं, आणि पायरी उतरून फाटकाच्या दिशेनं चालायला लागल्या, एक पाय जरा ओढत, घाई न करता.